सहा बाय चारच्या बोर्डाचा हिशेब

नेटवर ड्रायवॉल (म्हणजे जिप्सम बोर्डाची भिंत) कॅल्क्युलेटर शोधलं की ढीगभर सापडतात, लांबी टाका, उंची टाका, बटण दाबा, किती बोर्ड लागतील ते हजर. पण त्यातले बहुतेक अमेरिकेतले, आणि तिकडचा नेहमीचा बोर्ड म्हणजे आठ बाय चारचा, ३२ स्क्वेअर फुटांचा. आपल्या नागपुरात दुकानात समोर येतो तो सहा बाय चारचा, २४ फुटांचा. आता समजा भिंत १२ फूट लांब, १० फूट उंच, दोन्ही बाजू मिळून २४० फूट. कॅल्क्युलेटर म्हणतो साडेसात, म्हणजे आठ घ्या. आपले आठ बोर्ड म्हणजे १९२ फूट. उरलेल्या ४८ फुटांवर काय लोकमत चिकटवायचा?

फ्रेमचंही तेच. तिकडे लाकडी स्टड, म्हणजे बोर्ड ज्यांवर बसतो ते उभे आधार, १६ इंचांवर एक. आपल्याकडे जीआयच्या, म्हणजे जस्त चढवलेल्या, पातळ पत्र्याचे स्टड, साधारण दोन-दोन फुटांवर. त्यामुळे तिकडचा आकडा इकडे आणून काही उपयोग नाही, आपला हिशेब आपणच मांडायचा, आणि खरं सांगते तो काही अवघड नाहीये, पोरांची गणिताची चौकटीची वही असली की काम होतं.

आमच्याकडे वरच्या मजल्यावर एक लांबलचक हॉल आहे, २२ बाय १२, सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, हौसेनं बांधलेला. पोरगी बारावीला, तिला दार लावून बसता येईल अशी खोली हवी, आणि बाबांचा टीव्ही त्याच हॉलमध्ये, तोही फुल आवाजात. मग हॉलचे दोन भाग करायचे, एक १० बाय १२ची स्टडी, बाकी हॉल. मधे १२ फुटांची भिंत, तिच्यात एका टोकाला तीन बाय सातचं दार.

विटांची का नाही, हा प्रश्न घरात सगळ्यांनी विचारला. इकडे कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांतल्या राखेच्या विटा सहज मिळतात, पण चार इंची भिंत दोन्हीकडून प्लास्टर धरून दोन टनांच्या वर जाते, आणि खाली बीम नसताना स्लॅबच्या मधोमध एवढं वजन टाकायचं तर आधी इंजिनिअरला विचारावं लागतं. जिप्सम पार्टिशन दोन्ही बाजूंचे बोर्ड, पत्रा, सगळं मिळून अडीचशे किलोच्या आसपास. शिवाय रेती नाही, तराई (पाणी मारणं) नाही, जाडी फक्त तीन इंच. प्लायवूडचं पार्टिशन करा असं लकडगंजात ओळखीतले एक काका सांगत होते, पण आमच्या एरियातली वाळवी ज्यानं पाहिली तो प्लायचं नाव काढणार नाही. बाबांचा मुद्दा वेगळा, "अन् आग लागली तर? कागदच आहे ना तो." कागद वरून आहे, आत जिप्सम, आणि जिप्समच्या वजनाचं जवळपास २१ टक्के पाणीच असतं, रासायनिक बांधलेलं, ते वाफ होऊन जाईपर्यंत मागची बाजू बराच वेळ तापत नाही. हे ऐकून बाबा म्हणाले मग उन्हाळ्यात भिंतच थंड राहील का. नाही राहणार बाबा.

आता माप. टेप एकदाच लावून मोकळं व्हायचं नाही. लांबी खाली फरशीवर, मधे, वर स्लॅबजवळ अशी तीन ठिकाणी घ्यायची, उंची दोन्ही टोकांना आणि मधे. जुन्या घरात हमखास फरक निघतो, आमच्याकडे बाजूची भिंत वर जाताजाता सहा सूत आत आलेली आहे (एक इंच म्हणजे आठ सूत, मिस्त्री लोकांशी बोलताना याच भाषेत बोला, मिलिमीटर सांगितले की ते तुमच्याकडे बघतच राहतात). बोर्डाचा हिशेब सगळ्यात मोठ्या मापावर करायचा, कापून कमी करता येतो, ओढून लांब करता येत नाही. ओळंबा सोडून बघा आणि खोली गुण्यात, म्हणजे कोपरे काटकोनात, आहे का तेही बघा. १० बाय १२च्या खोलीचा कर्ण १५ फूट साडेसात इंच यायला पाहिजे, दोन्ही कर्ण सारखे आले तर उत्तम, नाही आले तर आत्ताच कळलेलं बरं, सीलिंगचे बोर्ड लावताना कळण्यापेक्षा.

मग येतात बोर्ड, आणि खरी गंमत इथेच आहे. सगळे जण काय करतात, एकूण क्षेत्रफळ घेतात, दार वजा करतात, २४नं भागतात, दहा टक्के वेस्टेज टाकतात. आमचं असं: २४० वजा दाराचे दोन्हीकडचे ४२, राहिले १९८, भागिले २४, सव्वाआठ, वेस्टेज धरून नऊ आणि वर थोडं, म्हणजे दहा घ्या. आकडा बरोबर वाटतो. पण बोर्ड काही पाणी नाही, कुठेही ओतलं की जागा भरली. तो सहा फुटांचा आहे आणि भिंत दहा फुटांची. मिस्त्रीनं उभा लावला तर खाली सहा, वर चार फुटांचा तुकडा, म्हणजे प्रत्येक रांगेत एक बोर्ड कापला आणि दोन बाय चारचा तुकडा बाजूला पडला. दोन्ही बाजू मिळून असे सहा तुकडे, आणि बोर्ड अकरापर्यंत जातात. बरं ते तुकडे जोडून वापरायचे तर जॉइंट वाढले, जॉइंट वाढले की वरून लावायचा टेप, फट भरायचं कंपाऊंड, घासाई सगळं वाढलं.

तोच बोर्ड आडवा लावून बघा. वहीत एक चौकट म्हणजे एक फूट, बारा चौकटी लांब, दहा उंच, उजव्या टोकाला तीन बाय सातचं दार. खालची रांग चार फुटांची, मग चार, मग दोन. चार अधिक चार अधिक दोन, दहा. स्टड आहेत ०, २, ४, ६, ८ वर आणि दाराची बाजू ९ वर. समोरून खालच्या रांगेत दारापर्यंत ९ फूटच लागतात, एक पूर्ण बोर्ड आणि एका बोर्डाचा तीन फुटांचा तुकडा, जॉइंट ६ वर. दुसरी रांग २, ६, ४ अशी, म्हणजे जॉइंट २ आणि ८ वर, खालच्या जॉइंटच्या डोक्यावर जॉइंट येत नाही. यातला दोनचा आणि चारचा तुकडा एकाच बोर्डातून निघतो. वरची दोन फुटी रांग एक बोर्ड लांबीत मधोमध चिरला की झाली, दोन पट्ट्या सहा-सहा फुटांच्या. मागच्या बाजूला उलटं, खालची रांग २, ६, १, आणि ते दोनचे आणि एकचे तुकडे कुठून आणायचे तर समोरच्या खालच्या रांगेतून जो तीन फुटांचा अर्धा बोर्ड उरलाय ना, त्यातूनच. मधली रांग ६, ६. वरच्या पट्ट्या २, ६, ४. म्हणजे एकाच स्टडवर एकाच उंचीला दोन्हीकडून जॉइंट कुठेच येत नाही आणि बोर्ड लागतात बरोब्बर नऊ. एक जास्तीचा, कोपरा तुटला, कोणाचा पाय पडला तर. दहा.

तुम्ही म्हणाल मग भागाकारानंही दहाच आले होते की. हो, पण ते दहा पुरतात तेव्हाच, जेव्हा बोर्ड या पद्धतीनं लागतात. दहा बोर्ड आणून मिस्त्रीच्या हवाली केले आणि तो त्याच्या सवयीनं उभे लावत गेला तर अकराव्या बोर्डासाठी परत दुकान, परत टेम्पो, एका बोर्डाला पूर्ण भाडं. म्हणून मी वहीचं ते पान फाडून चक्क भिंतीला चिकटवलं. मिस्त्रीनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग पानाकडे, अन् म्हणाला, "ताई, इतकं कायले मोजता, स्क्वेअर फुटाचा रेट घ्या अन् मोकळे व्हा." पण मग स्वतःच्या पेन्सिलीनं त्यावर आकडे लिहायला लागला.

आडव्या बोर्डाचा अजून एक फायदा म्हणजे सहा फुटी कडा जरा दबलेली असते, टेप आणि कंपाऊंड त्या खोलगट भागात बसतं आणि वरून सपाट दिसतं. चार फुटी कडा तशी नसते, तिथला जॉइंट थोडा उचललेला दिसतो, तिथे कंपाऊंड लांबवर पसरवून मिसळवावं लागतं. आणि आडव्या जॉइंटच्या मागे दोन स्टडच्या मधे काहीच आधार नसतो, तिथे चॅनलच्या (स्टड वरखाली ज्यात बसतात तो पत्रा) उरलेल्या पट्ट्या टाकून घ्या, विशेषतः चार फुटांवरच्या जॉइंटला, पोरं टेकतात तिथेच.

दाराच्या कोपऱ्याचं मात्र नीट ऐका. चौकटीच्या कडेच्या रेषेत वरपर्यंत जॉइंट कधीच येऊ द्यायचा नाही. दार आपटलं की पहिला तडा कोपऱ्यातूनच जातो. बोर्ड कोपऱ्याभोवती एल आकारात कापायचा, अख्खा. वरच्या हिशेबात म्हणूनच समोर जॉइंट ८ वर आहे, ९ वर नाही. त्यामुळे दाराचे ४२ फूट वजा केले की वाचले असं समजू नका, त्यातलं बरंचसं या एलच्या कापणीत जातं.

स्टड मोजायचे तर ०, २, ४, ६, ८ हे पाच. दाराच्या दोन्ही बाजूंना डबल, एकमेकांत तोंड घालून पेटी केलेले, चार. दाराच्या वर १० फुटांच्या खुणेवर एक छोटा, त्यासाठी एक जास्तीचा. झाले दहा. दारासाठीच्या पेटीत लाकडी बॅटन घालून घ्या, वाळवीचं औषध लावलेलं, नाहीतर नुसत्या पत्र्यात बिजागरीचे स्क्रू किती दिवस धरणार. वरखालचे चॅनल: स्लॅबला १२ फूट, फरशीवर दार सोडून ९, दारावरची आडवी पट्टी तीन फूट आणि दोन्हीकडे वाकवायला अर्धा-अर्धा फूट, म्हणजे चार. एकूण २५. बारा फुटी चॅनल मिळतो, दोनात २४, एका फुटानं अडतं. तीन घ्या, उरलेलं त्या आधाराच्या पट्ट्यांना जातं. पत्र्याची जाडी विचारून घ्या, इथेच सगळ्यात जास्त झोल होतो, कारण बोर्ड लागला की आत काय आहे कोणाला दिसणार? स्टड दोन बोटांत दाबून बघितला तरी फरक कळतो, पातळ असला तर तोंड लगेच मिटतं.

स्क्रू २५ मिलिमीटरचे, काळे, दर फुटाला एक. सहा फुटी बोर्ड चार स्टडवर बसतो, प्रत्येकावर पाच, म्हणजे बोर्डाला वीस, वरखालच्या चॅनलचे धरून तीनशेच्या आत सगळं. स्क्रूचं डोकं कागदाच्या किंचित आत जायला हवं पण कागद फाटता कामा नये, कागद फाटला की तो स्क्रू धरत नाही, बाजूला दुसरा मारायचा. टेप मी वहीवरूनच मोजला, सगळे जॉइंट आणि बाजूच्या भिंतींचे नि स्लॅबचे कोपरे धरून दोन्हीकडचे १२० ते १२५ फूट, म्हणजे ३७-३८ मीटर. कागदी टेप घ्या, जाळीचा चिकट टेप लावायला सोपा म्हणून कारागिरांना आवडतो, पण कोपऱ्यात कागदीच बरा बसतो.

बोर्ड बंद व्हायच्या आधी ठरवायच्या गोष्टी वेगळ्या वहीत लिहा, त्या मटेरियलच्या यादीतून हमखास सुटतात. पुस्तकांचं शेल्फ कुठे, व्हाइट बोर्ड कुठे, तिथे आत प्लायची पट्टी हवी, स्टड टू स्टड, कारण नुसत्या बोर्डावर अभ्यासाच्या पुस्तकांचं शेल्फ टिकत नाही, बारावीची पुस्तकं उचलून बघा एकदा. लाइटचे मेटल बॉक्स, पाइप, सगळं आधी. आणि आवाज अडवायला आत भरायचं ग्लासवूल, ५० मिलिमीटरचं, दार सोडून शंभर फूट. हे वगळून पैसे वाचवा असं सांगणारे भेटतील, त्यांच्या घरी बाबांचा टीव्ही नाहीये. पार्टिशन थेट स्लॅबपर्यंत न्यायचं हेही त्यासाठीच, फॉल्स सीलिंगपाशी थांबवलं तर आवाज वरून उडी मारून पलीकडे जातो. ग्लासवूल हाताळताना पूर्ण बाह्या, ग्लोव्हज, मास्क, नाहीतर रात्रभर खाजवत बसाल.

स्टडीला सीलिंगही करून घ्यायचं ठरलं, त्यात एक मजेदार गोष्ट सापडली म्हणून सांगते. सीलिंगला बोर्ड ज्याला लागतो त्या पट्ट्या दीड-दीड फुटांवर येतात. १२ फुटी पट्ट्या १२ फुटांच्या दिशेनं टाकल्या तर सहा लागतात, काही कापावं लागत नाही, दुकानदार खूश, मिस्त्री खूश. पण मग बोर्ड १० फुटांच्या दिशेनं येतो, ६ आणि ४, आणि पुढच्या रांगेत जॉइंट सरकवायचा तर ४ फुटांवर पट्टीच नाही, पट्टी साडेचारवर आहे. म्हणजे कापाकापी, सहा बोर्ड. पट्ट्या १० फुटांच्या दिशेनं टाका, सात लागतात, प्रत्येकीचे दोन फूट वाया, पण बोर्ड बारा फुटांत ६ आणि ६, पुढची रांग ३, ६, ३, आणि ३, ६, ९ या तिन्ही खुणांवर पट्टी आहेच. शेवटची रांग दोन फुटी. पाच बोर्डात काम. एक पट्टी जास्त, एक बोर्ड कमी आणि सगळे जॉइंट आधारावर. बाकी भिंतीला फिरणारा चॅनल ४४ फूट म्हणजे चार नग, वरच्या आडव्या चॅनलचे तीन, त्यांना स्लॅबपासून टांगायचे नऊ हँगर, क्लिपा सात गुणिले तीन एकवीस. इथे स्क्रू नऊ-नऊ इंचांवर, कारण बोर्ड लटकतोय. पंखा मात्र स्लॅबच्या हुकालाच, लांब रॉड लावून, सीलिंगच्या पट्ट्यांना नाही म्हणजे नाहीच.

आणि कूलर! पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत हे कोणी सांगत नाही. आपल्याकडे एप्रिल ते जून खिडकीत डेझर्ट कूलर चोवीस तास भणभणत असतो, खोलीत सगळी ओली हवा, आणि साधा जिप्सम बोर्ड ओलावा पितो. कूलरच्या झोतासमोर भिंत येत असेल तर त्या बाजूला हिरवा, ओलाव्याला टिकणारा बोर्ड घ्या. आमच्या हिशेबात हॉलची बाजू हिरवी, पाच बोर्ड, स्टडीची साधी, पाच, कारण कूलर हॉलमध्ये आहे आणि स्टडीला एसी. हिरवा म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे, थेट पाण्यात तोही फुगतो, म्हणून बोर्ड फरशीला टेकवायचा नाही, खाली तीन-चार सूत जागा सोडून वरून टाइलची स्कर्टिंग. आमच्या बाई फरशी पुसत नाहीत, धुतात.

ठेकेदाराचा रेट घेणार असाल तरी हा हिशेब हातात असू द्या, मग विचारता येतं: भाऊ, तुमचा स्क्वेअर फूट म्हणजे एका बाजूचा की दोन्ही बाजू मिळून? दार वजा केलं का? पत्रा किती जाडीचा? ग्लासवूल धरलंय का? हँगर किती फुटांवर? फिनिशिंग टेपपर्यंत की पुट्टीपर्यंत? मला एकानं जो रेट दिला तो ऐकायला सगळ्यात कमी होता, पण त्यात ना ग्लासवूल होतं ना हिरवा बोर्ड, आणि दाराचे ४२ फूट बिनधास्त मोजलेले. दाराबद्दल विचारलं तर म्हणे, "असंच राह्यते ताई, सगळेच धरतात." ते खरंही आहे, एलच्या कापणीचा त्रास असतोच, पण मग तसं सांगा ना जी.

एक बोर्ड वीस किलोच्या आसपास असतो, म्हणजे भिंत आणि सीलिंग मिळून पंधरा बोर्ड, तीनशे किलो नुसते बोर्डच. छोट्या हत्तीत सगळं येतं, पण हमाली वरच्या मजल्याची आधीच बोलून घ्या, जिन्याचं वळण मोजा, बोर्ड उभा धरूनच न्यायचा, आडवा धरला की मधे कडकन जातो. घरात आणल्यावर भिंतीला तिरका टेकवून ठेवू नका, वाकतो, जमिनीवर लाकडी पट्ट्या टाकून आडवी थप्पी. पावसाळ्यात घेत असाल तर ताडपत्री दुकानातूनच बांधून घ्या, घरून नेऊ म्हणाल तर विसराल. आणि पैसे देण्याआधी दुकानदाराला स्पष्ट विचारा की न वापरलेला बोर्ड नि न फोडलेली कंपाऊंडची बॅग परत घेणार का, किती दिवसांत, आणि ते बिलावर लिहून घ्या.